प्रेमाची साखळी

हृदयाच्या आकाराची हिरवी पाने आणि त्यांमधून लोंबणारे गुलाबी फुलांचे घोस असे या वेलीचे रूप आहे. महाराष्ट्रातील कित्येक अंगणांच्या फाटकांवर ती चढलेली दिसते आणि हौशी मंडळी तिला ‘आईस्क्रीम क्रीपर’ म्हणून ओळखतात. फिलिपिन्स आणि ग्वाम या बेटांवर तिचे नाव ‘कादेना दे आमोर’, म्हणजेच प्रेमाची साखळी. मूळची ती मेक्सिकोची. देशोदेशींच्या माणसांनी ती लावली, ती केवळ फुलांच्या ओढीने.

कॅरिबियन समुद्रात सेंट युस्टेशियस हे अवघ्या २१ चौरस किलोमीटरचे डच बेट आहे. अठराव्या शतकात तेथील बंदर जहाजांनी गजबजलेले असे. पुढे व्यापार ओसरला, शेतीही मागे पडली आणि शेते ओस पडली. बागेत शोभेसाठी आणलेली ही वेल कुंपण ओलांडून त्या बेवारस जमिनीवर पसरली. तेथे तिला ‘कोरालिटा’ म्हणतात. तणाव्यांनी झुडपांचा आधार घेत ती वर चढते आणि पानांचे असे दाट आच्छादन घालते की खालच्या रोपांपर्यंत ऊन पोहोचतच नाही.

याच बेटावर आणखी एक वेल आहे. आपल्या परिचयाच्या गणेशवेलीची ती नातलग. ‘आयपोमिया स्फेनोफायला’ हे तिचे शास्त्रीय नाव. सेंट युस्टेशियसखेरीज जगात ती अन्यत्र कोठेही आढळत नाही. मोकाट शेळ्यांच्या तोंडून ती वाचली, तरी कोरालिटाच्या सावलीतून तिने वाचावे कसे? येथे ती नाहीशी झाली, तर ती पृथ्वीवरूनच नाहीशी झाली. कोरालिटाला मात्र मेक्सिकोचे घर आहेच.

कोरालिटा हटवणे सोपे नाही. वरचा पसारा कापला तरी जमिनीखालचे कंद जिवंत राहतात आणि पुन्हा कोंब फुटतात. बी पाण्यावर तरंगत दूरवर जाते. म्हणून माती खणून एकेक कंद वेचावा लागतो आणि पावसानंतर त्याच जागी पुन्हा यावे लागते.

त्या बेटावरील एखाद्या वृद्ध स्त्रीची कल्पना करावी. फाटकावरची कोरालिटा तिच्या आईने लावलेली. सकाळी फुलांवर मधमाश्यांची गुणगुण चालते आणि त्या आवाजाबरोबर आईची आठवण येते. ती वेल स्वतःच्या हातांनी खणून काढताना तिचा जीव कासावीस होणारच. शिवाय खणायचे म्हणजे त्या मातीतील सूक्ष्म जीवांनाही धक्का लागणार. पण आईला जे ठाऊक नव्हते, ते आता लेकीला ठाऊक आहे. आईकडून अजाणतेपणी घडले. लेकीने जाणूनबुजून डोळे मिटले, तर तिच्या पदरी अजाणतेपणाची सबब उरत नाही.

रोप लावताना माणूस त्याचे फूल पाहतो. ते किती पसरेल, कोणाची जागा घेईल, हे क्वचितच विचारतो. शेजाऱ्याला हौसेने फांदी देण्यापूर्वी एवढी चौकशी केली, तर पुढच्या पिढीच्या हाती कुदळ घेण्याची वेळ येणार नाही. आणि जेथे ती वेळ आली आहे, तेथे खणणाऱ्या हातांतही त्या वेलीइतकेच, कदाचित थोडे अधिक, प्रेम असते.