बांधीतला वाद्यवृंद

धान निघालं, बांध्या रिकाम्या झाल्या, की आमच्याकडे पाहुण्यांना निरोप जातो, "गावात नाटक आहे, मुक्कामालाच या." चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा जंगलपट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीपासून होळीपर्यंत इथे नाटकांचा हंगाम. गावात मंडई किंवा शंकरपट असला की रात्री नाटक हवंच. लेकी माहेरी येतात, जावई येतात, एखादीचं लग्नही तिथेच जुळतं, बरं का!

माझ्या नणंदेचं सासर ब्रह्मपुरी तालुक्यात. गेल्या पौषात तिचा आग्रह मोडवेना, म्हणून मुलांना घेऊन गेलो. खरं सांगू? मला फारशी ओढ नव्हती. ही नाटकं भडक असतात, असं शहरात बसून ऐकलेलं.

आधी वडसा पाहिलं. वैनगंगा ओलांडली की चंद्रपूर जिल्हा संपतो, गडचिरोली लागतो. १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. गावाचं दुसरं नाव देसाईगंज, पण गोंदिया-बल्लारशा मार्गावरच्या स्टेशनचं नाव वडसाच. नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या इथे आहेत. गावोगावचे मंडळवाले येतात, नाटक ठरवतात, कंपनीला रक्कम देतात आणि तिकिटं आपण विकतात. उरलेला पैसा गावच्या कामाला. याच रंगभूमीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

नाटक रात्री दहानंतर सुरू झालं. बांधीत मंडप, खाली तणस पसरलेली, बायका मुलांना गोधडीत गुंडाळून बसलेल्या. मी लग्नाआधी चार वर्षं पेटी शिकले होते, त्यामुळे माझी नजर गेली ती रंगमंचासमोर बसलेल्या वादकांकडे. ऑर्गन, तबला, ढोलक, ऑक्टोपॅड. मुंबईला एनसीपीएने २००६ साली 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' उभा केला, त्यात प्रत्येकापुढे सुरांचे कागद आणि सगळ्यांसमोर छडी हलवणारा संचालक. इथे कागद नाही आणि छडीही नाही. नट संवादाचा शेवटचा शब्द टाकतो, त्याच क्षणी ऑर्गनवाला सूर देतो. पहाटेपर्यंत त्याची नजर रंगमंचावरून हलत नाही.

मध्येच एक नाच झाला. शिट्ट्या पडल्या. मला तो मुळीच आवडला नाही, मुलांसमोर तर नाहीच. पण एक गोष्ट लक्षात आली. नाच रेकॉर्डवर चालला होता आणि वादक हात बांधून चहा पीत होते.

दोन वाजून गेल्यावर आईचं काम करणाऱ्या बाई गायला उभ्या राहिल्या. काल रात्री एका गावी, आज इथे; घसा पार बसलेला. पहिल्या कडव्यातच वरचा सूर फाटला. माझ्या शेजारच्या आजींनी 'अगं बाई!' म्हणून पदर तोंडाला लावला. पुढचं कडवं संवादानंतर होतं. तेवढ्यात ऑर्गनवाल्याने तबलजीकडे नुसतं पाहिलं. तबलजीने हातोडी उचलली आणि दोन-चार ठोके हळूच मारले. पुढचा सूर आला तो काळी चारचा नव्हता, काळी तीनचा होता. बाईंनी क्षणभर खाली पाहिलं आणि गाणं अगदी सहज पेललं. मंडपात किती जणांना ते कळलं असेल? आजी मात्र रडत होत्या.

उजाडताना मी धीर करून ऑर्गनवाल्या काकांना विचारलं. ते हसले. "गरा बसला होता ना बाईचा, मंग का करता?" पोरं शिकतात का, म्हटल्यावर मात्र जरा थांबून म्हणाले, "मोबाइलवर ट्रॅक भेटते म्हनतात, ताई. चार मानसाईची मजुरी वाचते."

वाचते खरी. पण ट्रॅक कोणाचा घसा बघून पट्टी उतरवणार आहे का?

तुम्ही कधी आलात तर गरम कपडे आणि जाड पांघरूण जवळ ठेवा, थंडी झोंबते. मुलांना दुपारी झोपवा. आणि जागा पुढची धरा, जिथून वादकांचे हात दिसतील.

आम्ही निघालो तेव्हा कंपनीच्या गाडीत सामान चढत होतं. त्या रात्री नदीपलीकडे प्रयोग होता. ऑर्गनवर दोन गोधड्या टाकून दोरी आवळली जात होती, आणि तबलजी कोणाला तरी विचारत होता, "बाईले कोमट पानी देल्लं का?"