हरणाऱ्या संघांतील गुणवंत

नातवाच्या आग्रहामुळें आम्ही अलीकडे बास्केटबॉलचे सामने पाहूं लागलों आहों. अमेरिकेंतील सॅन अँटोनियो स्पर्स हा संघ २०२३-२४ च्या हंगामांत ८२ पैकीं ६० सामने हरला. परीक्षेच्या भाषेंत बोलावयाचें तर साफ नापास! तथापि त्याच संघांतील व्हिक्टर वेंबान्यामा या वीस वर्षांच्या फ्रेंच तरुणास सर्वोत्कृष्ट नवोदित ठरवितांना ९९ मतदारांपैकीं एकानेंहि पहिली पसंती दुसऱ्यास दिली नाहीं.

दुबळ्या संघांत चेंडू वारंवार एकाच्याच हातीं येतो. मग गुणांची रास पडावयाचीच, अशी शंका आम्हीं काढली. नातू म्हणाला, "पण आजोबा, समोरच्याचा चेंडू हवेत अडवणं त्याला कोण आयतं आणून देतं?" खरेंच, टोपलीकडे निघालेले चेंडू त्या वर्षीं सर्वांत अधिक अडविले ते यानेंच.

आम्ही निरुत्तर झालों, आणि एक जुनी गोष्ट आठवून ओशाळलोंहि. शाळेंत असतांना 'ढ' म्हणून गणलेल्या एका तुकडींतील मुलानें एका अवघड श्लोकाचा अन्वय बिनचूक लाविला. या तुकडींतून असें उत्तर येणें शक्यच नाहीं, असें मानून आम्हीं त्यास नक्कल केल्याबद्दल तासभर उभें केलें. नक्कल करावयास त्या वर्गांत दुसरें होतें कोण, हा साधा प्रश्न आम्हांस तेव्हां सुचला नाहीं.

तो मुलगा पुढें कोठें गेला, तें कळलें नाहीं. हल्लीं सामना पाहतांना मात्र आमची दृष्टि गुणफलकावरून खेळाडूंकडे वळते. उशिरां कां होईना.