मित्रांनी लिहिलेलं आपण

ऑर्कुटवर आपल्याविषयीचा सगळ्यात मोलाचा मजकूर आपण लिहिलेला नसायचा. 'अबाउट मी'मध्ये कुणीही काहीही लिहावं. टेस्टिमोनिअल मात्र मित्रमैत्रिणींनीच लिहायचं. त्यासाठी स्क्रॅप टाकून टाकून त्यांच्या मागे लागायचं. मग कुणीतरी रोमन लिपीतल्या मराठीत लिहायचं : ही डबा कधी एकटी खात नाही, प्रॅक्टिकलला हमखास काहीतरी फोडते, चिडली की दोन दिवस बोलत नाही. आपण मान्य केल्याशिवाय ते प्रोफाइलवर दिसत नसे. चिडण्याचा उल्लेख असूनही आपण ते मान्य करायचो, कारण ते खरं असायचं.

दहावीच्या निरोपाआधी वर्गात फिरणारी स्लॅम बुकच सायबर कॅफेत येऊन बसली होती. तिथंही तुलना होतीच. फॅन किती, 'कूल' किती, प्रोफाइल कोण बघून गेलं, हे आम्ही धडधडत्या छातीनं बघायचो. पण तास संपला की काउंटरवर पैसे देऊन उठावं लागे आणि घरी जाताना ते आकडे सोबत येत नसत.

माझी पुतणी नववीत आहे. इन्स्टाग्रामवर तिची दोन अकाउंटं आहेत. मेन अकाउंटवर मोजके, निवडून निवडून टाकलेले फोटो. बायोमध्ये फक्त एक इमोजी. लाइक कमी आले की फोटो अर्काइव्हमध्ये जातो. आपण कोण, हे रोज स्वतःच मांडायचं आणि लगेच त्याचा निकालही बघायचा, तोही खिशातल्या फोनवर. चौदाव्या वर्षी हे ओझं फार आहे. दुसरं अकाउंट वर्गातल्या चार-पाच जणींपुरतं. सुजलेले डोळे, कमी पडलेले मार्क, सगळं तिथं.

३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. पण टेस्टिमोनिअलची भूक गेलेली नाही. वाढदिवसाच्या आधी पुतणीही मैत्रिणींना बजावते, 'माझ्यासाठी स्टोरी टाक हं!' त्या दिवशी फोटोंचे कोलाज येतात, बहुतेकांवर नुसती बदामांची रांग. चोवीस तासांत स्टोरी दिसेनाशी होते, म्हणून ती काही हायलाइटमध्ये जपते. त्यातल्या एका स्टोरीत फोटोच नाही. काळ्या पडद्यावर मैत्रिणीनं लिहिलंय : गणिताच्या पेपराच्या आदल्या रात्री मी रडत होते, तेव्हा हिनं झोप मोडून मला फोनवर भूमिती शिकवली.

असं आणखी कुणीतरी तिच्याविषयी लिहावं, असं मला मनापासून वाटतं.