काळजातील पाठभेद

काळजाला घरे पडतात, काळीज पिळवटते, लेकरू काळजाचा तुकडा असते. आमच्या वर्गांत, एकाच्या अमरावतीस व दुसऱ्याच्या अकोल्यास, हे शब्दप्रयोग आले की विद्यार्थ्यांचा हात छातीकडे जातो. खाटकाच्या दुकानात मात्र कलेजी म्हणजे यकृत. साहित्याने हृदयाला माया दिली. यकृताच्या वाट्यास संशय आला.

कारण यकृत बिघडले की आपल्याकडे पहिला प्रश्न दारूचा. आमच्यापैकी एकाचे वडील मूर्तिजापूर तालुक्यातील शेतकरी. गळ्यात तुळशीची माळ, अंगाने काटक. १९९८ साली यकृत निकामी होऊन, पोटात पाणी भरून ते गेले. तेरवीच्या पंगतीत कोणीसे बोललेच, "माळकरी होता खरा, पण चोरून घेत असन." आईने ते ऐकले. नंतर कित्येक वर्षे ती आषाढीस पंढरपूरला गेली नाही.

२००८ साली अमेरिकेतील डॅलस येथे हेलन हॉब्स व जोनाथन कोहेन यांच्या गटाने पीएनपीएलए३ या जनुकातील एका अक्षराचा बदल यकृतातील चरबीशी निगडित असल्याचे दाखविले. त्या अक्षरामुळे प्रथिनाच्या १४८व्या स्थानी आयसोल्युसिनऐवजी मिथिओनिन येते आणि यकृतपेशींत चरबी साठत जाते. हा बदल आई व बाप दोघांकडूनही आला असेल, तर ही चरबी सरासरी दुपटीहून अधिक आढळली. वजन, मधुमेह आणि मद्यपान यांचा हिशेब वजा केल्यावरही हा संबंध टिकला.

याला आम्ही पाठभेद म्हणू. लीळाचरित्राच्या पोथ्या ताडून पाहणाऱ्यास हा शब्द समजावावा लागत नाही; आणि रिद्धपूर तर अमरावती जिल्ह्यातलेच.

पण काटक अंगाचे काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! याज्ञिक याचे मूळ केवळ जनुकांत शोधत नाहीत. गर्भातल्या पोषणापर्यंत मागे जातात. पुण्याजवळील खेड्यांत जन्मणारी बाळे वजनाने कमी, पण चरबी राखून असतात, असे त्यांना दिसले होते.

म्हणून पाठभेद हा सटवीचा लेख नव्हे. वजन वाढते तसा या जनुकाचा प्रभावही वाढतो, हे पुढे २०१७ साली दिसून आले. म्हणजेच आहार व श्रम यांना इथे अर्थ उरतो. दैव आणि कर्तृत्व यांचा आपल्या साहित्यातील जुना वाद पेशीतही मिटलेला नाही, इतकेच.

२०२३ साली यकृततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी या विकाराचे नावच बदलले. 'नॉन-अल्कोहोलिक' आणि 'फॅटी' हे दोन्ही शब्द गेले. चयापचयातील बिघाड नावात आला. जुन्या शब्दांनी रुग्णास कलंक लागतो, हे त्यामागील एक कारण. शब्दाने माणूस डागाळतो, हे मान्य करायला विज्ञानही तयार झाले, याचे आम्हां भाषेच्या शिक्षकांना मोल वाटते.

वडिलांच्या जनुकांची तपासणी कधी झाली नव्हती. त्यांच्या आजाराचा निवाडा आम्ही आज करणार नाही. पण न पिणाऱ्या, सडपातळ माणसाचेही यकृत असे जाऊ शकते, एवढे आईला सांगता आले. जनुकाविषयी तिने काही विचारले नाही. थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "मंग हे गावात कोन सांगन?"