वांग्याचा निर्णय कोणाचा?

लोकशाहीत प्रत्येक मताचे मूल्य सारखे असते. प्रयोगशाळेत तसे नसते. तेथे शंभर जणांच्या मतांपेक्षा नीट केलेल्या एका प्रयोगाचे वजन अधिक भरते. मग विज्ञानाशी निगडित सार्वजनिक निर्णय घेताना कोणता तराजू वापरावा? विज्ञान शिकणाऱ्या तरुणांशी बोलताना हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो आणि दर वेळी मला बीटी वांग्याची आठवण होते.

प्रसंग थोडक्यात असा. वांग्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे शेंडा व फळ पोखरणारी अळी. मातीतील एका जिवाणूचे जनुक वांग्यात घालून या अळीला रोखणारे वाण जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केले. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जनुक-अभियांत्रिकी मान्यता समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. परंतु तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश यांनी लगेच शिक्कामोर्तब केले नाही. जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंदीगड, हैदराबाद आणि बंगळुरू या सात शहरांत त्यांनी जनसुनावण्या घेतल्या. सुमारे आठ हजार लोक आले. ९ फेब्रुवारीला मंत्र्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. ती आजही उठलेली नाही.

अनेक शास्त्रज्ञांना हा गर्दीने विज्ञानावर मिळवलेला विजय वाटला, तर अनेक कार्यकर्त्यांना लोकशाहीचा. मला ही दोन्ही वर्णने अपुरी वाटतात.

समूहाच्या शहाणपणाचा दाखला म्हणून फ्रान्सिस गाल्टन यांचे १९०७ चे टिपण नेहमी पुढे केले जाते. प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाचे, कापून स्वच्छ केल्यानंतरचे वजन ओळखण्याची स्पर्धा होती. ७८७ चिठ्ठ्यांतील मधला अंदाज १२०७ पौंड निघाला. प्रत्यक्ष वजन ११९८ पौंड भरले. फरक एक टक्क्याहूनही कमी! मात्र या यशामागच्या अटी आपण सहसा विसरतो. बैल सर्वांच्या डोळ्यांसमोर उभा होता. प्रत्येकाने आपला अंदाज स्वतंत्रपणे लिहिला होता, त्यामुळे एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीने भरून निघत होती. आणि शेवटी खरे उत्तर सांगणारा काटा उपलब्ध होता.

बीटी वांग्याच्या सुनावणीत यांपैकी एकही अट पूर्ण होत नव्हती. प्रथिनाची विषारकता डोळ्यांना दिसत नाही. सभागृहात येणारे लोक बहुधा संघटित होऊन, मत ठरवूनच आले होते. अशा आठ हजार आवाजांची सरासरी काढून वांगे खाण्यास सुरक्षित आहे की नाही, हे कळणार नाही. तो प्रश्न निःसंशय प्रयोगशाळेचा आहे.

पण लोक केवळ तोच प्रश्न विचारत नव्हते. सुरक्षिततेच्या चाचण्या बियाणे विकणाऱ्या कंपनीनेच केल्या किंवा करवून घेतल्या असतील, तर त्यांवर विश्वास का ठेवावा? बाजारातील टोपलीत बीटी वांगे कोणते आणि साधे कोणते, हे ग्राहकाने कसे ओळखावे? वांग्याच्या असंख्य देशी जाती असलेल्या या भूमीत परागकण पसरले तर हानी कोणाची? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाहीत. धोका किती आहे, हे तज्ज्ञाने सांगावे. तो कोणी, कोणाच्या लाभासाठी आणि किती प्रमाणात पत्करावा, हे ठरवण्याचा अधिकार मात्र तो सोसणाऱ्यांचा आहे.

शिवाय तज्ज्ञांचे मत एकमुखी होते, हेही खरे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने समितीच्या कामकाजात सहभागी झालेले जीवशास्त्रज्ञ पुष्पमित्र भार्गव चाचण्या अपुऱ्या असल्याचे सांगत होते. पुढे त्याच वर्षी समितीच्या नावातील ‘मान्यता’ हा शब्द जाऊन तेथे ‘मूल्यमापन’ आला. शब्द एकच बदलला, पण मोजून देणे तज्ज्ञांचे आणि मान्यता देणे लोकप्रतिनिधींचे, ही सीमारेषा त्याने स्पष्ट केली.

तरीही जनमताच्या बाजूने झालेला हा निर्णय मला अर्धवट वाटतो. स्वतंत्र अभ्यासांतून जनता आणि तज्ज्ञ या दोघांचेही समाधान होईपर्यंत स्थगिती राहील, असे तेव्हा म्हटले गेले. तज्ज्ञांचे समाधान करण्याची रीत ठरलेली आहे: प्रयोग, आकडे, परीक्षण. जनतेचे समाधान झाले, हे कोणी आणि कसे ओळखायचे? ती रीत आपण घडवलीच नाही. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ मध्ये बीटी वांग्याच्या चार वाणांना परवानगी दिली. आपल्याकडचा शेतकरी मात्र अळीसाठी फवारण्या करीतच राहिला. त्या फवारण्यांचेही विष असतेच. ‘थांबा’ म्हणण्याचीही किंमत असते आणि ती सभागृहात बसलेल्यांपेक्षा पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला अधिक मोजावी लागते.

हा प्रश्न जुना झालेला नाही. जुलै २०२४ मध्ये जनुकीय सुधारित मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे निकाल परस्परविरोधी आले. पण सर्व संबंधितांशी सल्लामसलत करून अशा पिकांविषयी राष्ट्रीय धोरण आखावे, यावर दोघांचे एकमत झाले.

त्या सल्लामसलतीत उद्या आपल्यापैकी कोणी तज्ज्ञ म्हणून बसेल, कोणी नागरिक म्हणून. तज्ज्ञाने आपले आकडे उघडे करावेत आणि जिथे ते संपतात तिथे थांबावे. नागरिकाने हवे तितके प्रश्न विचारावेत, पण कोणत्या पुराव्याने आपले मत बदलेल, हेही आधी सांगावे. एवढे दोघांनी पाळले, तर तराजू दोन असले तरी हिशेब एकच लागेल.