असेनच्या वाटेवर

माझ्या टेबलावर बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारी सध्या एक कागद पडलेला असतो. त्यावर एका वेड्यावाकड्या बंद रस्त्याची आकृती आहे, वळणांची नावे डच भाषेत आहेत आणि दोन ठिकाणी मी लाल पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. परवा मुलीच्या लग्नाची तारीख ठरवावयास आलेल्या एका गृहस्थांनी तो उचलला व हा नव्या दफनभूमीचा नकाशा आहे काय, असे अदबीने विचारले. हे मोटारसायकलींच्या शर्यतीचे मैदान आहे, असे मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण एका धर्मगुरूच्या टेबलावर दफनभूमीच अधिक शोभली असती, असे त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट लिहिलेले होते.

तेव्हा वाचकहो, कबुली देऊन टाकतो. येत्या जूनच्या अखेरीस मी व माझा थोरला भाऊ नेदरलँड्समधील असेन या गावी शर्यत पाहण्यास जाण्याचा बेत करीत आहोत. शुक्रवारी सराव, शनिवारी छोटी शर्यत, रविवारी मोठी. वरिष्ठांनी रजा मंजूर केली आहे. बेत माझा आहे. हौस दादाची आहे.

वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि दादा अठरा वर्षांचा. बेळगावच्या एका गॅरेजात तो तेव्हा हाताखाली काम करी. पुढे त्याने स्वतःचे गॅरेज थाटले. जावा आणि येझदी या गाड्यांवर त्याचा विशेष जीव. ज्या गाडीत किक मारावयाचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच, ती गाडी बनविणारा माणूस काटकसरी घरातला असला पाहिजे, असे तो म्हणे. मी सेमिनरीत निघालो त्या दिवशी त्याने येझदीवरून स्टेशनाच्या दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेस माझी पत्र्याची ट्रंक नेली, दुसऱ्या खेपेस मला. लोकांसमक्ष तो मला ‘फादर, तुम्ही’ म्हणतो. घरात अजून ‘बारक्या’.

त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर, हत्यारांच्या फळीच्या वर, रद्दीतून आलेल्या कुठल्याशा परदेशी मासिकाचे एक पान चिकटविलेले आहे. ओल्या रस्त्यावर गुडघा टेकेल इतका कललेला एक स्वार आणि मागे गर्दीची भिंत. खाली इंग्रजीत गावाचे नाव. दादाने ते पहिल्या दिवशी ‘असेन’ असे वाचले आणि त्यातून त्याची आवडती कोटी निघाली. शर्यतीच्या दिवशी कोठे असशील, असे कोणी विचारले की तो म्हणे, “असेन!” तीस वर्षे आम्ही या कोटीला हसत आलो. हसण्यापलीकडे तिचे काही करावयाचे असते, हे माझ्या ध्यानात आले नाही.

गेल्या वर्षी गॅरेजातील पोराने उजव्या बाजूने पाना पुढे केला आणि दादाला तो दिसलाच नाही. पोराने तीनदा हाक मारली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. या विकारात दृष्टी कडेकडेने विझत येते. समोरचे दिसत राहते, म्हणून माणसाला पुष्कळ दिवस पत्ता लागत नाही. गेलेली परत येत नाही, उरलेली राखावयाची. दोन औषधांचे थेंब नेमाने चालू झाले. येझदी त्याने त्याच आठवड्यात कापड घालून कोपऱ्यात उभी केली, किल्ली वहिनींच्या हाती दिली आणि त्याविषयी पुन्हा एक शब्द काढला नाही. तो रडला असता तर बरे झाले असते, असे मला वाटले. त्या रात्री मी असेनची माहिती वाचावयास बसलो.

ही शर्यत १९२५ साली सुरू झाली, ती मैदानात नव्हे तर रोल्डे, बोर्गर आणि स्कोनलो या खेड्यांमधल्या विटांच्या व वाळूच्या रस्त्यांवर. पुढल्याच वर्षी ती असेनजवळ आली. १९५५ साली बांधीव रस्ता झाला. तो २००६ साली पुष्कळ छाटण्यात आला व आता एका फेरीस सुमारे साडेचार किलोमीटर भरतो. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती १९४९ साली सुरू झाल्या, तेव्हापासून २०२० हे महामारीचे वर्ष वगळता एकही वर्ष असेन चुकलेले नाही. मोटारसायकलवाले त्या ठिकाणाला ‘वेगाचे कॅथीड्रल’ म्हणतात. या उपमेबद्दल मी तक्रार करणार होतो. पण लाखभर माणसे पावसात तीन दिवस बसतात हे वाचले आणि आमच्या पावसाळी मिस्सेची उपस्थिती आठवून गप्प राहिलो.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. त्या भागातील प्रॉटेस्टंट लोकांत रविवार कसोशीने पाळण्याची रीत होती, म्हणून जगातल्या इतर शर्यती रविवारी होत असतानाही असेनची शर्यत शनिवारीच होई. नव्वद वर्षे हा नेम चालला. शेवटची शनिवारची शर्यत २०१५ ची. तीत रॉसी आणि मार्केझ यांची अगदी शेवटच्या वळणावर टक्कर झाली आणि रॉसी खडीतून गाडी हाकीत पहिला आला. २०१६ पासून रविवार ठरला, आणि त्या पहिल्याच रविवारी असा पाऊस लोटला की शर्यत मध्येच थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. दादाला हे सांगताच तो माझ्याकडे रोखून पाहू लागला. “ह्याच्यावर प्रवचन करू नकोस,” तो म्हणाला. मी करणार नाही. जूनमध्ये त्या देशी पाऊस शनिवारीही पडतो. आमच्यापुरते ठरले आहे की रविवारची मिस्सा पहाटे मुक्कामाच्या खोलीतच होईल. मी यजमान आणि दादा सगळी मंडळी.

मुक्काम ग्रोनिंगेन शहरी आहे. असेनमधील खोल्या फार आधी भरतात आणि शेतात तंबू ठोकून राहण्याचे दादाचे वय नाही, जरी त्याला ते मान्य नाही. विमानतळावरून आगगाडी दोन तासांत असेनला पोचते आणि तशीच पुढे ग्रोनिंगेनला जाते. एवढ्यावर नियोजन संपावयाचे. पण खरा प्रश्न जागेचा होता.

तिकिटे काढून देणाऱ्या आमच्या तरुणाचा आग्रह होता की सरळ रस्त्यासमोर बसावे, तेथे गाड्या ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात जातात. मला शंका आली. म्हणून एका रविवारी दुपारी मी दादाला पुणे–बेंगळुरू महामार्गाच्या कडेला घेऊन गेलो. एका पुलाजवळ सुरक्षित जागी दोन खुर्च्या मांडल्या. कशासाठी आलो आहोत ते मी सांगितले नाही. एक मोटारसायकल सुसाट गेली. “पाहिलीस?” मी विचारले. “ऐकली,” तो म्हणाला. दुसरी, तिसरी, तेच. ज्या बोगद्यातून तो जगाकडे पाहतो, त्याच्या तोंडावरून गाडी जाते तेवढ्यात ती संपलेली असते. मान वळवीपर्यंत रस्ता रिकामा. मग आम्ही खुर्च्या उचलल्या आणि गावाकडे उतरणाऱ्या आडरस्त्याच्या वळणावर बसलो. तेथे गतिरोधक आहे. गाडी समोरून येते, मंदावते, एका अंगावर कलते, सावरते आणि जाते. पहिल्याच गाडीला दादा म्हणाला, “चेन सैल आहे.” दुसरीला, “मागे बसलेल्या बाईचा पदर चाकात जाणार, थांबव तिला!” आम्ही दोघेही ओरडलो. ती गाडी थांबली, बाईंनी पदर खोचला आणि आम्हाला हात जोडले. दादा खुर्चीत पुन्हा टेकून बसला. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, “जागा बघायला आणलंस होय रे मला?”

लाल पेन्सिलीच्या दोन खुणा त्या दुपारच्या. एक स्त्रुबेन हे अगदी हळू वळण, दुसरी खेर्त टिमर नावाचा शेवटचा उजवा-डावा पीळ, जेथे वर्षानुवर्षे निकाल फिरले आहेत. तिकिटे दुसऱ्या जागेची काढली. दादाची एकच तक्रार आहे: दोन-स्ट्रोक इंजिनांचा आवाज नि जळक्या तेलाचा वास आता मिळावयाचा नाही. २००२ साली मोठ्या वर्गात चार-स्ट्रोक यंत्रे आली आणि पाहता पाहता जुनी निघून गेली. “उशीर केला आपण,” एवढे तो म्हणतो.

माझ्या मनातला दुसरा काटा वेगळा आहे. मोटारसायकलवरून गेलेल्या चार तरुणांना मी या धर्मग्रामात मूठमाती दिली आहे. चौघांपैकी तिघांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. मग वेगाचा उत्सव पाहावयास मी कोणत्या तोंडाने जावे? शर्यतीच्या मैदानात खडीचे रुंद पट्टे असतात, २०१८ पासून स्वारांच्या पोशाखात हवेची पिशवी सक्तीची आहे, वैद्य पावलावर उभे असतात. तरी २०२१ साली इटलीत मुजेल्लो येथे एकोणीस वर्षांचा एक स्विस मुलगा गेलाच. मी हे दादाजवळ बोललो. त्याने हातातला नट फडक्याने पुसला. “मी चाळीस वर्षं ब्रेक दुरुस्त केले,” तो म्हणाला, “वेग नव्हे.” हे पूर्ण उत्तर आहे असे मला वाटत नाही. तूर्त मजजवळ याहून चांगले नाही.

व्हिसाच्या अर्जासाठी मुंबईस जावे लागले. माणशी नव्वद युरो, तीस हजार युरोंचा विमा, बँकेचे कागद, परतीचे आरक्षण. वरती ठशांच्या यंत्रावर दादाची बोटे उमटेनात. पेट्रोल, ग्रीस आणि किसणीने बोटांच्या टोकांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. काउंटरवरील मुलीने फारच सौजन्याने पाच-सहा वेळा प्रयत्न केला, शेवटी तिने स्वतःच्या डबीतले मलम दिले. त्याने ठसे उठले. दादाला तेवढ्या वेळात घाम फुटला होता. “हातांनीच घोटाळा केला असता,” तो बाहेर आल्यावर म्हणाला.

पासपोर्ट अजून परत आलेले नाहीत. वहिनींनी थेंबांच्या बाटल्यांसाठी कापडी पिशवी शिवली आहे आणि साडेतीन तासांच्या फरकाप्रमाणे तेथील वेळा तीवर दोऱ्याने विणल्या आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी मजजवळ आहे. काल मी पावसासाठी दोन मोठ्या छत्र्या घेऊन गेलो, तर दादाने त्या परत करावयास लावल्या. “रेनकोट घे,” तो म्हणाला. “छत्री उघडली की मागं बसलेल्याला दिसत नाही.”