बिस्किटाचा पुडा आणि आपल्या हातचा लाडू



गेल्या काही वर्षांत आपल्या तरुणांनी जयंती आणि पौर्णिमेचं रूप बदलून टाकलंय. निळे फुगे, निळा केक, सगळ्यांचे एकाच रंगाचे कपडे, सेल्फीसाठी सजवलेली चौकट आणि येणाऱ्या प्रत्येक लेकराला रिटर्न गिफ्ट. काही जुने कार्यकर्ते याला नावं ठेवतात, आम्ही ठेवत नाही. ज्यांच्या आज्या-आजोबांना गावच्या पंगतीत लांब आणि शेवटी बसवलं, त्यांच्या नातवंडांनी मोकळ्या मैदानात दिवे लावून पार्टी केली तर बिघडलं काय? आमचा वाद रंगांशी नाही. पानात काय वाढलंय आणि ते कुणाच्या हातचं आहे, इथे आमचा वाद आहे.

सेलूत आम्ही काही जणांनी बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी लेकरांसाठी उघड्यावरचा कार्यक्रम ठरवला. थीम ठेवली पिंपळपान. निमंत्रण फक्त वस्तीतल्या मुलांना नव्हतं, आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांतल्या मुलांना होतं. बैठकीत खाऊचा विषय निघाला तसा एक जण म्हणाला, "दादा, बिस्किटाचे पुडे वाटू. पॅकबंद असलं की सगळेच खातात."

'सगळेच' म्हणजे कोण, हे बैठकीतल्या एकालाही विचारावं लागलं नाही.

समाजशास्त्र शिकताना मॅक्किम मॅरियट हा अमेरिकन अभ्यासक आमच्या वाचनात आला होता. त्याने उत्तर प्रदेशातल्या एका गावात, कोण कुणाच्या हातचं खातं यावरून जातींची उतरंड मांडून दाखवली. तुपात तळलेलं 'पक्कं' अन्न जातीची वेस बऱ्याचदा ओलांडतं, पाण्यात शिजवलेलं 'कच्चं' सहसा अडतं. आम्हाला वाटतं, आज तुपाची जागा चकचकीत वेष्टनाने घेतलीय. कारखान्यात पीठ कुणी मळलं, पुडा कुणी भरला, काहीच दिसत नाही. दिसत नाही म्हणून चालतं. वस्तीतल्या मावशीने वळलेला लाडू मात्र 'आत्ताच जेवून आलोय' म्हणून परत येतो. अशा वेळी आपणच पुडे वाटायचे म्हणजे समोरच्याचा विटाळ आपण सांभाळायचा, आणि तोही आपल्या वर्गणीतून!

यावर एक सवाल येणारच, आणि तो रास्त आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये स्पष्ट सांगितलंय की सहभोजनाने जातीची भावना मेलेली नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह. मग लाडवावर एवढा खल कशाला? लाडू खाल्ल्याने जात जाईल असं आम्हीही म्हणत नाही. पण बहुतेक सहभोजनांत वाढणारा कोण असतो, बोलावणारा कोण असतो, हे बघा. मॅरियटच्या गावात उतरंड ठरत होती ती देणारा आणि घेणारा यांवरून. आपल्याला बोलावून जेवू घालणाऱ्याला स्वतःची जागा सोडावी लागत नाही. आपल्या हातचं खाणाऱ्याला ती सोडावी लागते. राजर्षी शाहू महाराजांना हे पक्कं कळलं होतं. गंगाराम कांबळेंना त्यांनी चहाचं दुकान काढायला बळ दिलं, आणि स्वतः तिथे जाऊन त्यांच्या हातचा चहा घेतला, सोबतच्यांनाही घ्यायला लावला. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये शाळेतल्या माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकी आणि मदतनीसांच्या नेमणुकीत दलित-आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितलं. मुद्दा तोच होता.

तर घरचंच करायचं ठरलं. मे महिन्यातलं ऊन, त्यामुळे माव्याचं, दुधाचं काही टिकणारं नव्हतं. खीर तेवढी ठेवली, कारण सुजाताच्या खिरीशिवाय ही पौर्णिमा कसली. पण ती ऐन वेळी शिजवायची होती. बाकी शेंगदाणा-गुळाचे लाडू, मुरमुऱ्याचे लाडू, ज्वारीचे धपाटे आणि कैरीचं पन्हं. हे 'आपलं पारंपरिक गोडधोड' वगैरे म्हणायचा मोह आम्ही टाळला. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) वाचलं असेल तर कळेल, मराठवाड्यातल्या आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात तूप, गूळ, मसाले किती होते ते. हे लाडू आपल्या घरात अलीकडे आलेत. असू द्या.

तरुण मित्रांना इथे थोडं टोचून सांगतो. 'घरचं' हा शब्द गोड आहे, कारण त्याची मजुरी कुणी मागत नाही. दिवसभर रोजंदारी करून आलेल्या बाईनेच रात्री शेंगदाणे भाजायचे आणि आपण मंचावर समतेवर बोलायचं, हे चालणार नाही. भाजणं, सोलणं, कुटणं पोरांकडे दिलं. पहिल्या दिवशी बरेच दाणे करपले. मावशी हसल्या, पण उठल्या नाहीत, हे बरं झालं.

भेटवस्तू म्हणून वही दिली. कल्पना आमची नाही. हार आणि मेणबत्त्यांऐवजी 'एक वही, एक पेन' ही हाक चळवळीत आधीपासून आहे. आम्ही फक्त जुन्या वह्यांतली कोरी पानं शिवून घेतली, मुखपृष्ठावर पिंपळपान काढलं आणि पानात त्या-त्या मुलाचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. फक्त नाव. आडनाव नाही, कारण आपल्याकडे आडनाव विचारतात ते बहुतेक वेळा जात काढायला.

नावाचा एवढा आग्रह का? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचं नाव निंदाव्यंजक ठेवावं असं विधान आहे. आपल्या घरातले कचरू, धोंडू, दगडू आठवा. लेकरं जगत नाहीत म्हणूनही अशी नावं ठेवत, हेही खरं. तरीही बाबासाहेबांच्या पुढाकाराने २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जो ग्रंथ जाळला, त्याच ग्रंथात हे लिहिलेलं होतं. आज त्याच घरांत सिद्धार्थ, यशोधरा, राहुल आहेत. ती नावं कुणीतरी नीट अक्षरात, शुद्धलेखन तपासून लिहावीत, एवढंच.

वहीच्या पहिल्या पानावर संविधानाची उद्देशिका हाताने लिहिली. १० डिसेंबर २०२४ ला आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, परभणीत, बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्यानंतर या जिल्ह्यात उद्देशिका हाताने उतरवून काढताना हात सहज चालत नाही.

संध्याकाळी मुलं आली. शेजारच्या गल्लीतली बरीचशी पोरं खाऊन, पन्ह्याचे दोन-दोन पेले पिऊन गेली. पोरांचं असंच असतं, त्यांना अजून शिकवलेलं नसतं. एका मुलाने लाडू हातात घेतला, आणि त्याच्यासोबत आलेल्या मोठ्या बहिणीने तो कागदात गुंडाळून पिशवीत टाकला. घरी गेल्यावर त्या लाडवाचं काय झालं, आम्ही विचारलं नाही. वही मात्र त्याने पिशवीत टाकू दिली नाही, हातातच धरून नेली. दोन दिवसांनी त्याच गल्लीतल्या एक काकू आमच्याकडच्या मावशींना बाजारात भेटल्या आणि धपाट्यात ज्वारीबरोबर आणखी कोणतं पीठ घातलं होतं, असं विचारू लागल्या. मावशींनी प्रमाण सांगितलं. वर म्हणाल्या, "या घरी, करून दाखवते."

काकू अजून आलेल्या नाहीत. पुढच्या १४ एप्रिलला पुन्हा लाडूच करायचे ठरलेत, पुडे नाहीत. नावांची यादी आतापासून घेतोय.